खालच्या दोन ओळी

माझ्याकडे १९९४ सालच्या ऑक्टोबरात काढलेला एक कृष्णधवल फोटो आहे. दहा बाय आठ इंची, कडांना आता पिवळा पडलेला. रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर भागातल्या एका जुन्या युरोपीय दफनभूमीतले थडगे त्यात आहे. जांभ्याचा चौथरा, त्यावर उभी संगमरवरी पाटी, वरून झुकलेली खुरचाफ्याची फांदी आणि पाटीवर पडलेली तिची सावली. एका हौशी छायाचित्र स्पर्धेत या फोटोला उत्तेजनार्थ बक्षीस मिळाले होते. पुढची कित्येक वर्षे तो आमच्या बाहेरच्या खोलीत लावलेला होता. पाहुणे येत, ‘छान आहे, पण थडग्याचा फोटो घरात कशाला?’ असे विचारत आणि चहा घेत.

दोन वर्षांपूर्वी पंचाहत्तरी ओलांडलेल्या एक बाई नातवाला घेऊन परदेशातून रत्नागिरीत आल्या. त्यांच्या घराण्यातली एक स्त्री एकोणिसाव्या शतकात इकडे वारली होती. चर्चच्या दफननोंदीची नक्कल त्यांच्यापाशी होती. तिच्यात नाव, वय आणि तारीख, बस्स. कोणीतरी त्यांना माझे नाव सांगितले. नाव वाचताच मी ओळखले, कारण ते रोज माझ्या भिंतीवर होते. मी त्यांना तिथे घेऊन गेलो. चौथरा होता, चाफाही होता. पाटी नव्हती. ती कधी गेली, कोणी नेली, हे आसपास कोणालाच सांगता येईना. एक म्हातारे गृहस्थ एवढेच म्हणाले, “संगमरवर हाय, कुनाच्या तरी कामाला आला आसंल.”

घरी येऊन मी त्यांना भिंतीवरचा फोटो काढून दिला. त्यांनी चष्मा बदलून तो ओळ न् ओळ वाचला आणि मान वर करून विचारले, “पुढे?”

पुढे काही नव्हते. सातव्या ओळीच्या शेवटी स्वल्पविराम होता आणि त्याखाली फोटोची कड. माझ्या तेव्हाच्या वहीत त्या थडग्यापुढे लिहिलेले आहे: ‘ओळी ९. गवत फार.’ खालच्या दोन ओळी मी फोटोत घेतल्याच नव्हत्या. गवतामुळे चित्र बिघडत होते.

हा लेख त्या दोन ओळींमुळे लिहितो आहे. तीस वर्षे मी थडग्यांचे फोटो काढत आलो आणि त्याला संशोधन म्हणत आलो. त्यात हौस किती आणि नोंद किती, याचा हिशेब एकदा मांडावा असे वाटले.

सुरुवात निव्वळ हौसेचीच होती. मी इतिहासाचा पदवीधर नाही. वाणिज्य शाखेतून कसाबसा बाहेर पडलो आणि सरकारी कचेरीत चिकटलो. पहिल्या वर्षाच्या पगारातून एक जुना रशियन झेनिट कॅमेरा घेतला. त्याआधी काकांचा अॅग्फा क्लिक थ्री हाताळला होता. एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो, आणि अंतर जुळवायची सोय जवळपास नाहीच. झेनिटमध्ये छत्तीस फोटो येत. रोल, धुलाई आणि प्रिंट यांचा खर्च कारकुनाच्या पगारात जड जाई, म्हणून बटण दाबण्यापूर्वी पाच मिनिटे विचार करायची सवय लागली. माणसे पाच मिनिटे थांबत नाहीत. थडगी थांबतात. माझ्या विषयाची निवड एवढ्या साध्या कारणाने झाली.

मग त्यात गोडी लागली. कोकणात ही गोडी वेगळी आहे, कारण आपला दगड वेगळा आहे. जांभा हा बांधायला उत्तम, पण लिहायला निरुपयोगी. त्याला भोके असतात, अक्षर धरत नाही. त्यामुळे इथल्या जुन्या थडग्यांचा देह जांभ्याचा असतो आणि मजकुराची पाटी संगमरवराची किंवा काळ्या दगडाची, बाहेरून आणून बसवलेली. जांभा पावसात काळवंडतो, त्यावर शेवाळ आणि नेचे उगवतात. पाटी मात्र परक्यासारखी पांढरी राहते. चुना निघाला की पाटी सुटते, आणि पाटी सुटली की चौथरा मुका होतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या या जिल्ह्यात चुना फार दिवस टिकत नाही.

अक्षरे वाचायला उजेड तिरका लागतो, हे मला कोणी शिकवले नाही. भर दुपारी कोरी दिसणारी पाटी संध्याकाळी पाच वाजता बोलू लागते, कारण उथळ अक्षरांच्या खाचेत सावली भरते. मृताचे डोके पश्चिमेला आणि पाय पूर्वेला ही ख्रिस्ती दफनाची जुनी रीत, त्यामुळे बऱ्याच पाट्यांना एकतर सकाळचा उजेड सोयीचा पडतो किंवा संध्याकाळचा. झाडीमुळे दोन्ही मिळत नसतील, तर घरातला आरसा न्यावा आणि कोणाला तरी तो उन्हात धरायला लावून कवडसा पाटीवर बाजूने सोडावा. माझ्या पत्नीने लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत असा आरसा धरला होता. त्याबद्दल तिचे म्हणणे या लेखात छापण्यासारखे नाही. खडू चोळणे, पीठ फासणे, तारेच्या ब्रशाने घासणे हे मी सुरुवातीला पाहिले आणि एकदा स्वतः केलेही. करू नये. संगमरवराचा वरचा थर खरवडला जातो आणि पुढच्या माणसाला आपल्याहून कमी वाचता येते. साधे पाणी शिंपडले की पुष्कळदा पुरते.

आणि पायांकडे लक्ष असावे. जांभ्याच्या सापटीत फुरसे असते. ते पळत नाही, आहे तिथेच वेटोळे घालून अंग घासत राहते, त्याचा सूं सूं असा आवाज येतो. तो आवाज मी दोनदा ऐकला आहे. दोन्ही वेळचे फोटो हललेले आले.

थडग्यांचे फोटो ही विक्षिप्त हौस आहे, असे मला पुष्कळ वर्षे वाटे. मग मुंबईच्या छायाचित्रणाच्या इतिहासाबद्दल वाचायला लागलो आणि जरा धीर आला. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ मध्ये. डॉ. भाऊ दाजी लाड तिचे सभासद होते आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे स्वतः उत्तम फोटो काढत. पुढच्याच वर्षी, १८५५ मध्ये, सरकारने थॉमस बिग्ज या तोफखान्यातल्या अधिकाऱ्याला विजापूर, बदामी, ऐहोळेकडे जुन्या इमारतींचे फोटो घ्यायला पाठवले. त्याच्यानंतर ते काम डॉ. पिगू यांच्याकडे आले. विजापुरात त्यांनी कशाचे फोटो घेतले? गोलघुमट ही मुहम्मद आदिलशहाची कबर. इब्राहिम रोजा ही दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाची. म्हणजे आपल्या भागातल्या पहिल्या मोठ्या छायाचित्रमोहिमेचे नायक कबरीच होते. ते फोटो १८६६ मध्ये मेडोज टेलर आणि फर्ग्युसन यांच्या मजकुरासह मोठ्या ग्रंथात छापले गेले.

या फोटोंच्या प्रती मी तासन् तास पाहिल्या आहेत. काम अप्रतिम आहे. काचेच्या नाही तर कागदाच्या निगेटिव्हवर, उन्हात, बैलगाडीतून सामान वाहून केलेले. पण त्यांत घुमट आहेत, कमानी आहेत, कोरीव सज्जे आहेत. घुमटाखाली निजलेला माणूस जवळपास नाही. इमारत हवी होती, मयत नको होते. माझा चाफ्याच्या सावलीचा फोटो त्याच जातीचा, हे कळायला मला फार उशीर झाला.

इंग्रजांच्या स्वतःच्या थडग्यांची गोष्ट निराळी. तिथे त्यांनी मजकुराला महत्त्व दिले. मद्रास इलाख्यातल्या मृत्युलेखांची कॉटन याने केलेली यादी १९०५ ची. मुंबई इलाख्यातल्या थडग्यांची आणि स्मारकांचीही सरकारी यादी पुढे छापली गेली. १९७६ मध्ये इंग्लंडात थिऑन विल्किन्सन यांनी दक्षिण आशियातल्या युरोपीय दफनभूमींसाठी एक संस्था काढली आणि त्याच वर्षी ‘टू मॉन्सून्स’ हे पुस्तक लिहिले. नावामागे सतराव्या शतकातली एक म्हण आहे: मुंबईत येणाऱ्या गोऱ्या माणसाचे आयुष्य दोन पावसाळ्यांचे. दापोलीला आपण अजून ‘कॅम्प दापोली’ म्हणतो, कारण १८१८ नंतर तिथे लष्करी छावणी होती. अशा छावण्यांच्या आसपासच्या पाट्या वाचताना ती म्हण अतिशयोक्ती वाटत नाही. सैनिकांपेक्षा बायका-मुलांच्याच पाट्या मनात राहतात. ताप, पटकी, बाळंतपण. वय वर्षांत नाही, महिन्यांत आणि दिवसांत लिहिलेले.

सुंदर फोटो आणि पुरेसा फोटो यांतला फरक मला शिकवला तो आमच्याच गावातल्या एका कबरीने, थिबा राजाच्या.

त्याची कथा रत्नागिरीकरांना ठाऊक आहे असे सगळे समजतात, म्हणून कोणी नीट सांगत नाही. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा १८७८ मध्ये गादीवर आला. नोव्हेंबर १८८५ च्या अखेरीस इंग्रज फौजा मंडालेत शिरल्या आणि दुसऱ्याच दिवशी राजाला कुटुंबासह आगबोटीवर चढवले. आधी मद्रास, मग एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरी. तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. उरलेली तीस वर्षे त्याने इथे काढली. खाडीकडे तोंड करून उभा असलेला राजवाडा त्याच्यासाठी बांधून झाला तो १९१० मध्ये, म्हणजे चोवीस वर्षे इतर बंगल्यांत काढल्यावर. १९१२ मध्ये त्याची धाकटी राणी सुपयागले वारली. १९१६ च्या डिसेंबरात तो स्वतः गेला.

थोरली राणी सुपयालत हिचा आग्रह होता की देह ब्रह्मदेशात न्यावा. सरकारने नकार दिला. राजाची कबर मंडालेत झाली तर लोक तिथे जमतील ही भीती. राणीही हटली नाही. दोन वर्षांहून अधिक काळ राजाची शवपेटी राजवाड्याच्या आवारातच राहिली. अखेर १९१९ मध्ये राजा आणि धाकटी राणी यांचे दफन सरकारने इथे, आजच्या शिवाजीनगर भागात उरकले आणि त्याच वर्षी उरलेल्या कुटुंबाला ब्रह्मदेशात परत जाऊ दिले. सुपयालत १९२५ मध्ये रंगूनला वारली. तिलाही मंडाले मिळाले नाही.

ब्रह्मदेश आणि कॅमेरा यांचे नाते याहून जुने आहे. थिबाचा जन्मही झाला नव्हता तेव्हा, १८५५ मध्ये, लिनिअस ट्राइप हा अधिकारी इंग्रज वकिलातीबरोबर थिबाच्या वडिलांच्या दरबारी गेला होता. पॅगोडे, मठ, लाकडी कोरीवकाम यांचे त्याने घेतलेले फोटो आजही थक्क करतात. तीस वर्षांनी दुसरा एक अधिकारी आला, विलोबी वॉलेस हूपर. हा हौशी छायाचित्रकारच. मद्रासच्या दुष्काळात हाडांचे सापळे झालेल्या माणसांचे फोटो यानेच घेतले होते. जानेवारी १८८६ मध्ये, थिबा मद्रासला कैदेत असताना, मंडालेत ब्रह्मी कैद्यांना गोळ्या घालून ठार मारले जात होते. हूपरने तिथे कॅमेरा लावला. नेमका गोळी लागण्याचा क्षण काचेवर यावा म्हणून हुकमाची वेळ कॅमेऱ्याशी जुळवून घेतल्याचा आरोप त्याच्यावर झाला. लंडनच्या वृत्तपत्रात बातमी आली, पार्लमेंटात प्रश्न विचारला गेला, चौकशी होऊन त्याच्यावर ठपका आला. १८८७ मध्ये त्याचा ब्रह्मदेशाच्या शंभर फोटोंचा संग्रह विक्रीला होता.

हूपर मला पुष्कळ दिवस झोपू देत नव्हता. आपण निदान मेलेल्यांचे फोटो काढतो, मरणाऱ्यांचे नाही, असे स्वतःला सांगून पाहिले. पण ‘चित्र नीट यावे’ ही त्याची तळमळ मला ओळखीची होती. गवत नको म्हणून दोन ओळी कापणारा आणि क्षण हवा म्हणून हुकूम थांबवणारा यांच्यात अंतर फार मोठे आहे, हे मान्य. तरी वाट तीच.

थिबाच्या कबरीचे माझे पहिले फोटो १९९३ मधले आहेत. मी काय केले? आजूबाजूच्या इमारती चौकटीत येऊ नयेत म्हणून जमिनीवर जवळजवळ आडवा झालो आणि कबर आकाशावर घेतली. एकाकी, निर्वासित राजा! फोटो पाहून लोक हळहळत. वस्तुतः कबरीच्या अवतीभवती राहती घरे होती, कपडे वाळत होते, पोरे क्रिकेट खेळत होती, आणि त्यातला एक चेंडू मीच उचलून परत टाकला होता. ते सगळे मी बाहेर ठेवले. आज त्या परिसरात तेव्हा काय होते, कुठली वाट कुठून जात होती, असे कोणी विचारले तर माझ्या पंधरा फोटोंपैकी एकही उपयोगी पडत नाही. आकाश तेव्हाही तसेच होते.

कामाला आला तो सोळावा, चुकून दाबला गेलेला फोटो. तिरपा आहे, अर्ध्यात माझी पिशवी दिसते. पण त्यात कुंपण आहे, शेजारचे घर आहे, रस्ता आहे. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन या कबरीच्या दर्शनाला आले आणि एकाएकी गावाला कबरीची आठवण झाली. डिसेंबर २०१६ मध्ये, राजाच्या मृत्यूला शंभर वर्षे झाली तेव्हा, म्यानमारचे उपराष्ट्राध्यक्ष, लष्करप्रमुख आणि राजाचे वंशज इथे आले. ‘पूर्वी इथे कसे होते?’ म्हणून ओळखीचे लोक माझ्याकडे फोटो मागायला येऊ लागले. मी पंधरा दाखवी. ते सोळावा घेऊन जात.

याची दुसरी बाजू रंगूनला आहे. इंग्रजांनी १८५८ मध्ये दिल्लीचा बादशहा तिकडे नेला आणि १८८६ मध्ये तिकडचा राजा आपल्याकडे आणला. बहादुरशहा जफरचा एक फोटो प्रसिद्ध आहे, १८५८ चा, रंगूनला नेण्याच्या काही महिने आधीचा: बाजेवर टेकलेला, थकलेले डोळे कुठेच न पाहणारे. चेहरा आपल्याला नक्की ठाऊक आहे. कबर मात्र मुद्दाम बिनखुणेची ठेवली गेली, ७ नोव्हेंबर १८६२ ला दफन झाले आणि पुढे नेमकी जागाच विस्मरणात गेली. १९९१ मध्ये खोदकाम करताना विटांनी बांधलेली खरी कबर लागली, तोवर लोक अंदाजाच्या जागेवर चादर चढवत होते. कबर पुसता येते हे राज्यकर्त्यांना पक्के माहीत असते. जेम्स डग्लस याने १८८३ च्या आपल्या पुस्तकात रायगडावरच्या शिवछत्रपतींच्या समाधीची दुरवस्था वर्णिली, ते लोकांना लागले, आणि १८९५ मध्ये लोकमान्यांनी समाधीसाठी निधीची चळवळ हाती घेतली. तिथे तर फोटोही नव्हता. एका परक्या माणसाने जे दिसले ते लिहिले, पडझडीसकट.

थिबाच्या बाबतीत माझी खरी चूक चौकटीची नाही. राजाची थोरली मुलगी १९१९ मध्ये ब्रह्मदेशात गेली आणि परत रत्नागिरीला आली, कारण तिचे माणूस इथे होते: राजवाड्यावर नोकरीला असलेले गोपाळ सावंत. १९४७ मध्ये ती इथेच वारली. त्यांची मुलगी टुटू. ती इथेच वाढली, मराठी बोलली, इथेच संसार केला, गरिबीत राहिली आणि २००० पर्यंत हयात होती. मी १९९३ पासून सात वर्षे तिच्या आजोबांच्या कबरीवर उजेड कधी चांगला येतो हे पाहत होतो. राजाची नात त्याच गावात श्वास घेत होती आणि मी तिचा एकही फोटो काढला नाही, तिच्याशी दोन शब्द बोललो नाही. सुधा शहा यांचे या राजकुटुंबावरचे पुस्तक २०१२ मध्ये आले, ते वाचताना मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. मला कोणी अडवले नव्हते. माझा ‘विषय’ थडगी होता, एवढेच.

तिथून मी ज्यांना दगड मिळत नाही त्यांच्याकडे पाहू लागलो. आपल्याकडे बहुतेकांना तो मिळत नाही. हिंदूंची राख खाडीत जाते. वीरगळ, सतीशिळा, वृंदावन, छत्री हे काही थोड्यांच्या नशिबी. कोकणी मुसलमानांच्या जुन्या कबरस्तानात साधे मातीचे उंचवटे आणि डोक्याशी बिनलेखी चिरा. तिथे मी विचारल्याशिवाय पाऊल टाकत नाही आणि ताज्या कबरीकडे कॅमेरा वळवत नाही. एकदा एका चाचांनी मला चहा पाजून सांगितले, “नाव लिवायचा नाय, पन खंय कोन हाय ता आमाला म्हायती.” तेव्हा मी कॅमेरा बंद केला आणि वही उघडली. त्या दिवशी त्यांनी सांगितलेल्या बेचाळीस जागा माझ्या वहीत आहेत, आराखड्यासह, आणि त्या छापण्यासाठी नाहीत.

हिंदू घरांत दगडाचे काम फोटोने केले, असे माझे मत झाले आहे. बाहेरच्या खोलीत हार घातलेली तसबीर हीच आपली पाटी: खाली नाव, जन्म, मृत्यू. माणूस गेल्यावर ‘अरे, यांचा एकही फोटो नाही’ असे लक्षात येऊन स्टुडिओवाल्याला बोलावणे जायचे. आमच्या घरातला माझ्या पणजीचा एकुलता एक फोटो असाच, भिंतीला टेकवून बसवलेल्या स्थितीतला आहे. लहानपणी मला वाटे, पणजी झोपेत आहे. १९२० मध्ये लोकमान्यांचे पार्थिव बसवून, लोकांना दर्शन होईल असे ठेवले होते. त्याचा फोटो घरोघरी गेला. चौपाटीवरच्या चितेची राख विझली तरी तो राहिला.

बाणकोटला अजून एक जागा आहे. महाबळेश्वरच्या आर्थर सीटवर जाणाऱ्यांना तिथल्या मॅलेट साहेबाचे नाव माहीत असते. त्याची पत्नी आणि तान्ही मुलगी १८५३ मध्ये बाणकोटच्या खाडीत बुडाल्या. आर्थर सीटवरून सावित्रीचे खोरे दिसते, आणि तीच नदी बाणकोटला समुद्राला मिळते. बाणकोटला मी चार वेळा गेलो. पहिल्या तीन वेळा थडग्यासाठी. चौथ्या वेळी काठावरच्या वाड्यांत विचारत फिरलो की त्या होडीवर नावाडी कोण असतील, कुठल्या वाडीतले. कोणाला काही सांगता आले नाही. पावणेदोनशे वर्षांनी येणारही कसे. पण एका घरात म्हातारीने खाडीच्या भोवऱ्यांची नावे सांगितली. ती मी लिहून घेतली.

आता माझी पद्धत बदलली आहे. डिजिटल कॅमेऱ्यात फुकट फोटो येतात, म्हणून पहिला फोटो नेहमी दुरून, कुंपणासकट. मग पाटी समोरून, चारही कडा दिसतील अशी, बाजूला फूटपट्टी. मग गवत हाताने बाजूला धरून तळाची ओळ. मग मजकूर जागेवरच वहीत उतरवायचा, न लागलेल्या अक्षराच्या जागी टिंब. हे सगळे झाल्यावर, उजेड उरला असेल तर, चाफ्याची सावली. हौस मी सोडलेली नाही. ती नसती तर तीस वर्षे काट्याकुट्यांत गेलोच नसतो.

त्या बाई परत गेल्यावर मला झेनिटच्या निगेटिव्ह आठवल्या. त्या बुरशीने गेल्या असतील असे धरून मी पंधरा वर्षे तो पत्र्याचा डबा उघडला नव्हता. निम्म्या गेल्याच होत्या. १९९४ ची पट्टी कडेला खाल्लेली, पण ती चौकट शाबूत होती. पस्तीस मिलिमीटरची उभी चौकट दहा बाय आठवर मोठी केली की लांबीचा सहावा भाग बाहेर जातो. तो वरून कापायचा की खालून, हे स्टुडिओतल्या मुलाने मला विचारले होते, हे तेव्हा आठवले. वर चाफा होता. मी खालून कापायला सांगितले होते.

पुण्याला जाऊन ती निगेटिव्ह पूर्ण स्कॅन करून आणली आणि पडद्यावर मोठी करून बघितली. आठवी ओळ आहे, पण गवताच्या आड तिच्या अक्षरांचे फक्त वरचे अर्धे भाग दिसतात. रोमन अक्षर वरच्या अर्ध्यावरून ओळखता येते; खालच्या अर्ध्यावरून येत नाही. त्या बाई तिकडून आणि मी इकडून, फोनवर, तीन रात्री एकेक अक्षर लावत होतो. पहिला शब्द ‘तसेच’ या अर्थाचा. मग ‘तिची’. मग ‘तान्ही मुलगी’. दफननोंदीत मुलीचा उल्लेख नव्हता. त्यांच्या घराण्यात ती जन्मली हेच कोणाला माहीत नव्हते. त्यापुढे नाव सुरू होते. पहिले अक्षर एम असावे असे त्या म्हणतात, मला ते एन वाटते. त्यानंतर गवताचे एक रुंद पाते आडवे आले आहे.

नववी ओळ त्याच्या खाली आहे.